मी फक्त आवाज ऐकला

मी इतिहास शिकवते, आणि तोही आपला नव्हे, अमेरिकेचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे गिरण्या, खाणी, पोलादाचे कारखाने भराभर उभे राहिले आणि शेतांतून, जहाजांतून आलेली माणसं त्यांत जुंपली गेली, तो काळ. सिंगापूरमध्ये हे कोण शिकतं, असं पुण्यातले नातेवाईक विचारतात. शिकतात. शहरातल्या एका खाजगी कॉलेजात शनिवारी सकाळी नोकरदारांसाठी पदवीचे वर्ग भरतात, त्यात हा एक विषय आहे. त्या वर्षी वर्गात एक नर्स होती, दोघं बँकेतले होते, आणि साठीकडे झुकलेले एक चिनी गृहस्थ होते. आयुष्यभर शिपयार्डात वेल्डिंग करून निवृत्त झाल्यावर ते पहिल्यांदाच कॉलेजात आले होते. सगळ्यांच्या आधी अर्धा तास येऊन बसायचे.

माझी पीएच.डी. त्या काळातल्या कामगारांच्या जबाबांवर आहे. तिथल्या काही राज्यांनी कामगारांची स्थिती समजून घेण्यासाठी कचेऱ्या काढल्या होत्या. गिरणीतल्या बायका, खाणीतले मजूर, बूट शिवणारे आपलं म्हणणं सांगायचे, आणि कारकून ते उतरवून घ्यायचे. जबाबाखाली बहुतेक वेळा नाव नसायचं. मालकांकडे काळ्या याद्या असत, यादीत नाव गेलं की त्या गावातच काय, शेजारच्या गावातही काम मिळत नसे. हे सांगताना माझा आवाज जरा चढतो, हे मला ठाऊक आहे. विद्यार्थ्यांना ते आवडतं.

एक गोष्ट मी इथे आधीच सांगून टाकते. माझे वडील सोलापूरच्या एका कापड गिरणीत होते. अर्जात, मुलाखतीत, वर्गाच्या पहिल्या दिवशी मी म्हणते, ‘मी गिरणीतल्या घरात वाढले.’ ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मागावर राबणारा घामाघूम साचेवाला उभा राहतो, आणि मी तो राहू देते. वडील विव्हिंग मास्तर होते, म्हणजे खात्याचे साहेब. साचेवाले आमच्या दारात चपला काढून उभे राहायचे, रजेसाठी, बदलीसाठी, आणि आई मला आत बोलावून घ्यायची. मी खोटं कधीच बोलले नाही. फक्त पुढचं वाक्य बोलायची नाही.

कॉलेजच्या इमारतीत साफसफाई करणारी एक तमिळ बाई होती, पन्नाशीची, मलेशियातल्या जोहोर बारूहून रोज पहाटे सीमा ओलांडून यायची. मी तिला अक्का म्हणायचे. तमिळमध्ये मोठ्या बहिणीला अक्का आणि आमच्या सोलापूरकडेही अक्काच, हे तिला सांगितलं तेव्हा ती इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवशी डब्यातून इडियाप्पम, तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, घेऊन आली. ती मला टीचर म्हणायची. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चाले, म्हणजे मोडकं तिचं, आणि तिला समजावं म्हणून मी मुद्दाम मोडलेलं माझं.

सामानाची लिफ्ट त्या वेळी बरेच दिवस बंद होती. अक्का आपली बादली-पोछ्याची गाडी माणसांच्या लिफ्टमधून नेई. एकदा वर्ग सुटताना गर्दीत त्या बादलीतलं पाणी माझ्या पायांवर सांडलं. मी अक्काला काही बोलले नाही, हसलेच उलट. पण पुढच्या स्टाफ मीटिंगमध्ये मी म्हटलं की वर्ग बदलण्याच्या वेळेला लिफ्टमध्ये फार अडचण होते, काहीतरी करायला हवं. व्यवस्थापक बाईंनी लिहून घेतलं. आठवड्याभरात लिफ्टजवळ कागद लागला: वर्गांच्या वेळात सफाईचं सामान या लिफ्टने नेऊ नये. अक्का बादली हातात घेऊन जिन्याने चढू लागली. तो कागद माझ्यामुळे लागला हे तिला कधी कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

त्या शनिवारी मी पाचव्या मजल्यावरच्या स्टाफरूममधून चौथ्या मजल्यावर वर्गाकडे उतरत होते. चौथ्याच्या वळणावर पोचले तेव्हा खालून अक्का वर येत होती. एका हातात भरलेली बादली, दुसऱ्या हातात पोछा. तिने मान वर केली, म्हणाली, ‘गुड मॉर्निंग, टीचर,’ आणि त्याच पायरीवर तिचा पाय घसरला. पाणी आधी सांडलं की पाय आधी गेला, हे मला सांगता येणार नाही, पण ती पडली ते मी पाहिलं. चार-पाच पायऱ्या खाली गेली. उजवा हात टेकला आणि तो अंगाखाली वळला.

खालून ते शिपयार्डवाले गृहस्थ येत होते. ते धावत वर आले. तिच्याकडे वाकण्याआधी त्यांनी क्षणभर वर पाहिलं. मी कठड्याला धरून उभी होते. मग मीही उतरले, तिला दुसऱ्या बाजूने धरलं. तिचं मनगट बघवत नव्हतं. ती सारखी म्हणत होती, ‘सॉरी, टीचर. पाणी सगळीकडे झालं.’

तिला दवाखान्यात नेलं. मी वर्ग घेतला.

पुढच्या आठवड्यात कळलं की सफाईच्या कंत्राटदाराचा सुपरवायझर म्हणतोय, ती कामावर पडलीच नाही, मग भरपाई कसली. सकाळी सीमेवर बसच्या गर्दीत पडली, दुखणं घेऊन कामावर आली आणि इथे येऊन बसली. जिन्यावर कॅमेरा नव्हता. व्यवस्थापक बाईंनी मला खोलीत बोलावलं. बाई चांगल्या आहेत, हे मला आजही म्हणावं लागेल. त्यांनी चहा मागवला.

‘ती म्हणतेय, तुम्ही पाहिलंत,’ त्या म्हणाल्या.

‘मी तिथेच होते,’ मी म्हटलं.

‘पडताना पाहिलंत?’

मी चहाचा कप उचलला. त्या थांबल्या, मग म्हणाल्या, ‘जे आठवतं तेवढंच लिहा. कधी कधी आपण आवाज ऐकतो आणि नंतर वाटतं की पाहिलं. घाई नाही. तसं तुमच्या पासच्या रिन्यूअलचे कागदही याच आठवड्यात पुढे जातील, त्यामुळे मी सगळंच एकदम हातावेगळं करतेय.’

यात धमकी होती का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. नव्हती. त्यांच्यापुढे दोन फायली होत्या आणि दोन्हींचा उल्लेख त्यांनी केला, इतकंच. त्या दोन फायलींना दोरा मी बांधला. आमच्या घरात एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून नोकरी करायचा परवाना, माझा होता. नवरा पुण्यातली नोकरी सोडून माझ्या आधारावर आला होता आणि इथे अजून काम शोधत होता. मुलीची शाळा क्लेमेंटीत, घरापासून चालत दहा मिनिटांवर. माझा पास गेला तर सगळ्यांनाच परतावं लागलं असतं. हे सगळं खरं होतं. पण साक्ष दिली तर पास जाईल, असं मला कुणीही म्हटलं नव्हतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो कपडे वाळत घालत होता, खिडकीबाहेरच्या बांबूवर एकेक चिमटा लावत.

‘तू पाहिलंस का?’

‘हो.’

‘मग लिही की.’

‘रिन्यूअल अडकलं तर?’

तो बराच वेळ शर्टाची कॉलर सरळ करत राहिला. ‘आवाज ऐकलास, हेही खोटं नाही म्हणा,’ शेवटी तो म्हणाला.

माझ्या मनात दोन दिवस जे घोळत होतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून यायला हवं होतं, आणि ते आलं. पुढे कधी भांडणात मी त्याला ते वाक्य ऐकवलंही. त्याने एवढंच विचारलं, की सही कुणाची होती.

त्याच दिवसांत अक्काचा व्हॉट्सॅपवर आवाज आला. ‘टीचर, तुम्ही सांगा त्यांना. तुम्ही बोललात की ते ऐकतील. तुम्ही शिकलेल्या.’ मी तो दोनदा ऐकला. उत्तर दिलं नाही. तिला निळ्या खुणा दिसल्या असतील हे लक्षात आल्यावर मी सेटिंगमध्ये जाऊन त्या खुणा बंद केल्या. एवढं काम मी त्या आठवड्यात अगदी तत्परतेने केलं.

चौथ्या दिवशी मी तीन वाक्यं लिहून दिली. मला जिन्याकडून आवाज आला. मी तिथे गेले तेव्हा बाई पायऱ्यांवर बसलेल्या होत्या. त्या कशा पडल्या हे मी पाहिलेलं नाही. इंग्रजी नीट होतं. एक शब्द बदलून अधिक चांगला घातला होता.

पुढच्या शनिवारी वर्गात ते जबाबच शिकवायचे होते, अभ्यासक्रमात आधीपासून लिहिलेलं होतं. मी शिकवले. शिपयार्डवाल्या गृहस्थांनी हात वर केला. ते सहसा प्रश्न विचारत नसत.

‘ज्यांनी सांगितलं त्यांचं पुढे काय झालं?’

‘काहींची नोकरी गेली,’ मी म्हटलं. ‘पुष्कळांचं काय झालं ते कळत नाही.’

‘आणि ज्यांनी पाहिलं, पण सांगितलं नाही?’

‘त्यांची नोंद नसते.’

त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं, जसं ते बाकी सगळं उतरवून घेत. टोमणा होता का, मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिले. काही सापडलं नाही. त्यानंतर काय शिकवलं ते मला आठवत नाही.

त्यांनी स्वतःचा जबाब दिला होता हे मला पुढे समजलं. मी आलो तेव्हा बाई जिन्यात पडलेल्या होत्या, बादली उलटी होती, पाणी पायऱ्यांवरून वाहत होतं, असा. वर कोण उभं होतं, हे त्यांनी लिहिलं नाही. कुणी विचारलं नसावं. त्यांच्या जबाबावर आणि दवाखान्याच्या कागदावर अक्काला भरपाई मिळाली, पण त्यात कित्येक महिने गेले. तोवर ती घरी बसून होती. माझं रिन्यूअल दोन आठवड्यांत आलं. आम्ही त्या दिवशी बाहेर जेवलो.

अक्का मला पुन्हा एकदाच भेटली. सफाईचं कंत्राट दुसऱ्याकडे गेलं होतं, आणि ती कपाटातली आपली चप्पल आणि छत्री न्यायला आली होती. मी पाचव्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरले तर आत ती उभी. साडी नेसलेली, केसांत फूल. मनगट जरा वाकडं राहिलं होतं. लिफ्टचं दार बंद झालं.

‘कशी आहेस, अक्का?’

‘बरी आहे, टीचर.’ मग ती म्हणाली, ‘तुमचं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं.’

मी दारावरचे मजल्यांचे आकडे बघत राहिले.

‘मी त्यांना म्हटलं, टीचर बरोबर सांगत असणार. टीचर शिकलेल्या. मीच चुकले असेन, डोक्याला मार लागला असेल. घरी मुलालाही तेच सांगितलं. पण मग रोज विचार करत बसायची. तुम्ही नंतर आलात, तर मग मी गुड मॉर्निंग कोणाला म्हटलं?’

लिफ्ट खाली येत होती. मी म्हटलं, ‘मला म्हणालीस. मी तिथे होते. मी सगळं पाहिलं, अक्का.’

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावेल असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागवावं असंही वाटलं. तिने मोठा श्वास सोडला.

‘म्हणजे माझं डोकं ठीक आहे,’ ती म्हणाली.

तळमजला आला. ती आधी बाहेर पडली. दारात आत यायला माणसं उभी होती, त्यांना वाट देत देत मी बाहेर आले तोवर ती रस्ता ओलांडत होती. मी हाक मारली नाही. मारून काय म्हणणार होते? लिफ्टजवळचा तो कागद माझ्यामुळे लागला, हे सांगायचं तर राहूनच गेलं.

त्याच दिवशी मी नवा, खरा जबाब लिहून व्यवस्थापक बाईंकडे नेला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला. ‘ती फाईल बंद झाली,’ त्या म्हणाल्या. ‘तरी ठेवून घेते.’ माझ्या नोकरीला काहीही झालं नाही. तेव्हा होणार नव्हतंच, आणि बहुधा आधीही झालं नसतं.

सत्र संपताना मी शिपयार्डवाल्या गृहस्थांना थांबवलं आणि म्हटलं, ‘मी वर उभी होते. पडताना पाहिलं होतं.’

‘माहीत आहे,’ ते म्हणाले. ‘यार्डात कुणी पडला की आधी वर बघायचं असतं. वरून आणखी काय येईल सांगता येत नाही. ती सवय जात नाही.’

‘तुम्ही लिहिलं नाहीत.’

‘तुम्ही काय पाहिलंत, ते मी कसं लिहिणार, प्रोफेसर?’

त्यांचा शेवटचा निबंध मुकादमांवर होता, मालक आणि कामगार यांच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसांवर. मला तो फार चांगला वाटला. पण चांगला वाटतोय की मला तो चांगला वाटायला हवाय, हे ठरवता येईना. मी तो दुसऱ्या शिक्षकाकडे तपासायला दिला. त्यांनी माझ्यापेक्षा कमी गुण दिले, आणि समासात लिहिलं की मांडणी बरी आहे, पण पुरावे आणखी हवे होते. मी त्यांचेच गुण कायम ठेवले.