बोहनीआधी काही मिळणार नाही

बुधवार, ८ फेब्रुवारी २०२३. साकोली. नळ सकाळी लवकर आला. दूधवाल्याची दांडी. मासळीबाजारात गेले, तिथून बायाबाईबरोबर बँकेत जावे लागले. परत यायला दुपार झाली.

सत्यभामाबाईंच्या डायरीत दुपारपर्यंतचे एवढेच आहे. घडले ते असे.

बायाबाई तलावातले मासे बाजारात विकते. त्या सकाळी तिने टोपले मांडले आणि तेवढ्यात फोन वाजला.

"माताजी, बँकेतून बोलतो. तुमचं खातं आज बंद होणार. मोबाइलवर सहा आकडे आले असतील, ते सांगा."

नव्या जाळ्यासाठी वर्षभर साठवलेले सगळे त्याच खात्यात होते. तिने ओले हात लुगड्याला पुसले. आकडे दिसत होते. पण अडचण निराळीच होती.

"भाऊ, माही बोहनी नाही झाली."

"क्या?"

"बोहनी होयेपर्यंत मी हातचं काही देत नाही. आगपेटीची काडीबी नाही. तुमी काही घेता काय? मंग लगेच सांगतो."

"माताजी, खातं बंद होईल!"

"म्हणून तं म्हणतो, लवकर घ्या! रोहू हाये, मरळ हाये."

शेजारच्या टोपल्यामागून धुरपता ओरडली, "बँकेवाल्याले मरळ दे व, पगारवाला माणूस हाये!"

पलीकडचा माणूस चडफडला, पण त्याने शंभर रुपये पाठवले. फोन टुणकन वाजला. बायाबाईने तो कपाळाला लावला आणि रोहू काट्यावर टाकला.

"डोकं ठेवू का काढू?"

"आकडे सांगा पहले!"

तोवर जुने आकडे बाद झाले होते. त्याने नवे पाठवले. "चार... सात..." बायाबाई वाचू लागली. मासे घ्यायला आलेल्या सत्यभामाबाईंनी तिच्या हातातून फोन ओढला आणि बंद केला.

"बायाबाई, तो चोर आहे! ते आकडे मिळाले की खाते रिकामे करतो."

"चोर? अवो बाई, त्यानं तं बोहनी केली!"

मग तिला कळले. "माहं जाळं गेलं काय व?"

बाईंनी तिला रस्त्यापलीकडच्या बँकेत नेले. साहेबांनी पाहून सांगितले, पैसे जागेवर आहेत, उलट शंभर वाढलेत. बायाबाई तिथेच रडली आणि हसलीही.

बाजारात परतल्यावर वाद पेटला.

"चोराची बोहनी धरत नाहीत," धुरपता म्हणाली.

"काहून नाही? पैसे घेतले, मासा द्याच लागन." बायाबाईने त्या नंबरला फोन लावला. बंद. "पाह्य, गिऱ्हाईकच पळालं!"

तिने रोहू साफ करून, डोक्यासकट, सत्यभामाबाईंच्या पिशवीत टाकला.

"अगं, हा त्याचा मासा. मी कशी घेऊ?"

"मी इकत नाही अन् खातबी नाही. तुमी शिकलेल्या बाई, तुमाले पचन."

बाई पैसे काढू लागल्या, तेव्हा धुरपतानेच दटावले, "एका माशाचे दोनदा पैसे घेतेत काय वो बाई?"

त्या संध्याकाळी बाईंनी डायरीत खाली एक ओळ लिहिली: रोहूचा रस्सा केला, मीठ जरा जास्त पडले.