रेशनच्या मशीनचा तपास

नोकरीतल्या मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. पण मोताळा तालुक्यातल्या एका गावातून नाहीशी झालेली रेशनची मशीन मी काही विसरू शकलेलो नाही.

मी तेव्हा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच गावचा रेशन दुकानदार धापा टाकत ठाण्यात आला. कार्डधारकाचा अंगठा घेऊन मगच धान्य सोडणारी ती मशीन. आदल्या दिवशी वाटप चालू असताना हा पोतं ओढायला आत गेला आणि बाहेर येऊन बघतो तर टेबल रिकामं.

त्याच्या मागोमाग दोन ऑटो भरून गावकरी आले.

"साहेब, यानंच लपवली! मशीन नाही म्हणजे वाटप नाही. मंग माल कुठी गेला, कोण इचारते?"

तहसीलमधूनही फोन आला. मशीन मिळाली नाही तर त्याचा परवाना जाणार होता. मी डायरीत नोंद घेतली आणि गुन्हा दाखल करण्याआधी त्यालाच समोर बसवलं. खोटं बोलणारा माणूस चौकशीत पाणी मागतो, खरं बोलणारा चिडतो, असा माझा अनुभव. हा भडकलाच.

"मी काऊन चोरू साहेब माहीच मशीन? दुकान कवा उघडलं, कवा बंद केलं, सारं थे वरती सांगते. चोरायची असती तं पयल्याच दिवशी नसती चोरली?"

त्याचं म्हणणं मला पटलं.

दुपारी बीट हवालदार खबर घेऊन आले. "साहेब, गावाच्या टोकाले एक आजी एकटी राह्यते. तिच्याजवळ मोबाईल नाही. अन् काल शेजारणीले चार्जर मांगत होती."

महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन आम्ही आजींच्या घरी गेलो. सत्तरी ओलांडलेली बाई, सगळा जन्म कापूस वेचण्यात गेलेला, बोटांवरच्या रेषाही झिजून गेलेल्या. फळीवर धुतलेला रुमाल अंथरून त्यावर मशीन ठेवली होती. शेजारी खोबरेल तेलाची वाटी.

"आजी, ही तुम्ही चोरली?"

"चोरली नाही बाप्पा. आणली. दोन दिसांसाठी."

"कशाला?"

"चार महिने झाले, माहा अंगठा घेऊनच नाही राह्यली. दुकानात गर्दी, मांगून लोक ढकलतेत. म्हटलं, घरी ठेवाव, सकाय-संध्याकाय अंगठा लावाव, तेवढीच ओयख होईन."

"मग झाली ओळख?"

"कायची होते! लय अकडू हाये."

महिला शिपाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. हसू मलाही आवरेना. तरी आवाज चढवून सांगितलं, की गावाचं धान्य अडलंय आणि दुकानदारावर चोरीचा आळ आलाय. आजींचा चेहरा उतरला.

"त्याच्यावर आलं? अरे, त्या बिचाऱ्यानं तं दोन खेपा घरचे गहू देल्ले मले!"

मी अडवायच्या आत त्यांनी चपला घातल्या आणि तरातरा चौकात जाऊन ओरडल्या, "मी नेली होती मशीन! त्याले कोणी काही बोलू नोका!"

सकाळी ओरडणारे खाली बघू लागले. दुकानदारानं कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "माही काही तक्रार नाही साहेब." पंचनामा केला, मशीन त्याच्या ताब्यात दिली. लबाडीनं नेल्याचं दिसत नाही, असा शेरा मारून मी प्रकरण मिटवलं.

दुसऱ्या दिवशी पुरवठा निरीक्षकांना गाठलं. अंगठा उमटत नसेल तर डोळा तपासायची सोय आहे, असं ते म्हणाले. सोय आधीपासून होती. आजींना कुणी सांगितली नव्हती इतकंच. उपकरण आलं, आजींनी त्यात रोखून पाहिलं आणि पहिल्याच खेपेला नोंद झाली.

"बघा," आजी म्हणाल्या, "डोये वटारले तवा कुठी वठणीवर आली."

वस्तू कुणी नेली हे विचारण्याआधी तिची गरज कुणाला होती ते विचारावं, हे मी त्या दिवशी शिकलो आणि पुढे बऱ्याच तपासांत ते कामी आलं. एक गोष्ट मात्र अजून टोचते. मशीन हरवली, तर दुसऱ्याच दिवशी अर्धं गाव ठाण्यात हजर. आजींचं धान्य चार महिने हरवलं होतं, त्याची खबर द्यायला कुणीच आलं नव्हतं.