फळीमागे चिडीचूप

माझ्या मावशीला शाळेतल्या मुली ‘भोंगाबाई’ म्हणतात. तिला हे माहीत आहे आणि मनातून आवडतंही. “आवाज शिकवणाऱ्या बाईला भोंगा नाही तर काय मैना म्हणतील?” विज्ञानातलं सगळंच तिला शिकवावं लागतं, पण जीव जडलाय तो आवाजावर. स्वयंपाकघरात पातेलं पडलं तर ही मान तिरकी करून त्याचा नाद संपेपर्यंत ऐकत उभी राहते. माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, करवादते, “अगं, उचल आधी! मैफल नंतर!”

अशा बाईला धास्ती एकाच गोष्टीची. आजोबांचे कान लवकर गेले होते. आधी पाखरं गेली, मग फोनची घंटी, मग विनोद. सगळे हसून झाले की ते मागाहून हसायचे, आमच्या तोंडांकडे बघत. मावशी तेव्हा नेहमी त्यांच्या शेजारी बसायची. बारीक, टोकदार आवाज आधी जातात, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

मागच्या आठवड्यात आई तिच्या दारात घंटी दाबून दाबून थकली. दार उघडल्यावर म्हणाली, “बहिरी झालीस की काय?” आईचं ते नेहमीचंच बोलणं. पण मावशी हसली नाही. नुसतीच कानात बोट घालून हलवत राहिली.

आणि त्यातच विवर्तनाचा प्रयोग आला.

विवर्तन म्हणजे आवाजानं अडथळ्याच्या कडेला वळून पलीकडे पोचणं. मावशी दरवर्षी तो करून दाखवते. मध्ये फळी, एका बाजूला भोंगा, दुसऱ्या बाजूला आपण. जाड्या आवाजाची लाट लांब असते, ती फळीला वळसा घालून मागे येते. बारीक आवाजाची लाट बोटभर. ती सरळ निघून जाते आणि फळीमागे आवाजाची सावली पडते. निदान फळ्यावरच्या आकृतीत तरी पडते. प्रयोगशाळेत मात्र दोन्ही आवाज मागे ऐकू यायचे. मावशी विचारायची, “थोडा कमी झाला ना?” आणि मुली एका सुरात, “हो बाऽऽई.” कुणाला शाळेनंतर थांबायचं होतं?

यंदा प्रयोगशाळेचं रंगकाम काढलेलं. त्यामुळे सगळं लटांबर मैदानात. टेबलटेनिसचं अर्धं टेबल उभं केलं. आमच्या नाटकमंडळीचा स्पीकर घेऊन मी हजर. मुली माझ्या बाजूला, गवतावर. मावशी स्टूल घेऊन फळीमागे.

मी जाडा आवाज लावला. घुंऽऽऽ.

“आला!” फळीमागून मावशी. “मस्त आला! आता बारीक लाव.”

मी लावला. चींऽऽऽ. मुलींनी कानांवर हात घेतले.

“लाव ना गं!”

“लावलाय, मावशी!”

“अगं, लाव म्हणतेय ना!”

“वाजतोय! इथे डोकं उठलंय सगळ्यांचं!”

फळीमागे चिडीचूप.

मी घाबरून आवाज बंद केला, तेव्हा मावशी बाहेर आली. चेहरा प्रवेशाच्या मधोमध वाक्य विसरलेल्या नटासारखा. ती मला बाजूला घेऊन पुटपुटली, “मला काहीच ऐकू नाही आलं. अजिबात. बाबांचंही असंच सुरू झालं होतं.”

“मावशी, अगं...”

“उद्या ताईला सांगू या. आज नको. मला नाही गं बघवणार तिचं तोंड.” मग मुलींकडे वळून, “चला गं, झालं आजचं. उरलेलं पुस्तकात वाचा.”

मुली उठल्या, एक सोडून. तिला वर्गात ‘शंका’ म्हणतात, कारण तास संपता संपता तिचा हात वर जातो.

“बाई, मी बसू मागे?”

“काही नाही तिथे.”

“तरी बसते ना. आज तुम्ही एकट्याच बसलात.”

मावशीत वाद घालायचं त्राण नव्हतं. तिनं हातानंच ‘बस’ केलं. शंका स्टुलावर बसली. मी पुन्हा चींऽऽऽ लावला. परत ऐकू आला नाही तर, या भीतीनं मावशीनं कानच झाकून घेतले. क्षणभरानं फळीच्या वरून तिचं डोकं उगवलं आणि ती दचकलीच. “अय्या! सुरू आहे?”

“मग काय!” मी ओरडले.

“मागे काहीच येत नाहीये! शप्पथ!”

मावशीनं कानांवरचे हात काढले. “काय म्हणालीस? परत बोल.”

“बाई, काही-च ऐ-कू ये-त ना-ही!” शंकेनं बहिऱ्याशी बोलावं तसं तोडून तोडून सांगितलं. मग काय, सगळ्या मुली फळीमागे घुसल्या. “खरंच गं!” “सरक ना, मला बघू दे!” “बघू दे काय, ऐकू दे!” “ऐकायला आहे काय तिथे?”

मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. “भिंती! इतकी वर्षं प्रयोगशाळेच्या भिंतींवर आपटून बारीक आवाज फळीमागे येत होता. इथे भिंतच नाही! आणि मी येडी, स्वतःच्या फळ्यावर विश्वास ठेवायचा सोडून...” बोलता बोलता ती डोळे पुसत हसायला लागली, सगळ्यांच्या आधी.

मी मुद्दाम आईला फोन लावून दिला. मावशीनं भडाभडा सगळं सांगितलं, घंटीपासूनचं.

“म्हणून आठवडाभर तोंड पाडून होतीस?” पलीकडून आईचा आवाज मैदानभर. “अगं, नळ धो धो सोडून बादल्या भरत होतीस तू! मलाच माझी हाक ऐकू येत नव्हती! आधी बोलायचं नाही का गं माझ्याशी?”

“तू ओरडली असतीस.”

“आता नाही का ओरडत?”

“ओरड, ताई. छान ऐकू येतंय.”

मुली घरी गेल्या. मी वायरी गुंडाळायला लागले, तर मावशी म्हणाली, “थांब गं. अजून एकदा लाव तो बारीक.” ती स्टुलावर बसली आणि बाळाशी कुकूक करावं तसं डोकं फळीबाहेर काढायची, आत घ्यायची. बाहेर, आत. शेवटी आतच राहिली.

“मावशी, बंद करू?”

ते मात्र तिला फळीमागेही स्वच्छ ऐकू गेलं.

“राहू दे जरा,” ती म्हणाली. “किती छान ऐकू येत नाहीये!”