आधी मेन कॉक

नळवाल्याची जीभ पूर्वी त्याच्या पान्यापेक्षा घट्ट आवळायची. कुणाच्याही घरी गेला की पहिला सवाल, "मेन कॉक कुठाय?" घरमालक जिन्याखाली, मोरीत, माळ्यावर शोधत फिरायचा आणि हा दारात उभा राहून म्हणायचा, "घरातलं पाणी कुठून येतं ते ठाऊक नाही, आणि निघाले जगाला अक्कल शिकवायला!" लोक चडफडायचे, पण गळती लागली की बोलावणं त्यालाच. त्याने बसवलेला जोड कधी ठिबकला नाही.

मग तो टाकीच्या शिडीवरून पडला. कपाळ कठड्यावर आपटलं. टाके निघाले, डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, बेरजा-वजाबाक्या घातल्या. गड्याने सगळं फटाफट सांगितलं. "डोकं शाबूत राहिलं हो!" असं ज्या शेजारणी म्हणाल्या, त्यांनीच पुढे तो ढोंगी असल्याची बातमी जिनाभर केली.

त्यांचं तरी काय चुकलं? अंघोळीला निघालेला माणूस टॉवेल शोधायला कपाट उघडायचा, ते आवरायला काढायचा आणि दुपारी पसाऱ्याच्या मधोमध नुसता बसलेला सापडायचा. एकदा सासूबाईंना तोंडावर म्हणाला, "तुमची कवळी खडखडते." खडखडत होतीच, पण म्हणून?

"आळसाला औषध नसतं," असं म्हणत बायकोने बरेच दिवस काढले. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवलं. "यांच्याकडचे मजूर सगळे हजर आहेत. मुकादम जखमी झालाय. आधी काय, मग काय, कुठे थांबायचं, हे सांगणारा भाग कपाळामागे असतो. मार नेमका तिथेच बसलाय."

"सुधारेल ना?"

"थोडं. पूर्वीसारखं होईल असं मी म्हणणार नाही."

बायकोच्या भावाला हे मुकादम प्रकरण मुळीच पटलं नाही. "ताई, कामाला लागले की होतील सरळ," म्हणत त्याने एका शाळेत शब्द टाकला. कायमची नोकरी, फक्त एक दिवस काम करून दाखवायचं. हे हुकलं तर नळवाल्याला दुसरीकडे कुणी दारातही उभं करणार नव्हतं. फजितीच्या गोष्टी गावभर झाल्याच होत्या.

शाळेच्या कारकुनाने विचारलं, "पाइप बदलायचा तर कसं कराल?"

"आधी मेन कॉक बंद. मग खालचा नळ सोडून पाइप रिकामा. मग आटे सोडायचे."

"वा! भावोजी, जिंकलात!" मेहुण्याने पाठ थोपटली.

तिसऱ्या मजल्यावरचा पाइप बदलायचा होता. नळवाला मेन कॉककडे निघाला. वाटेत एका बेसिनची सांडपाण्याची नळी ठिबकत होती. त्याने तिची चकती काढली. नवी चकती आणायला पिशवीकडे परतला, तर पिशवीशेजारीच तो जुना पाइप. पाना हातात होताच. लावला आणि फिरवला.

पाणी जिन्यावरून शिक्षकांच्या खोलीत शिरलं. बाई खुर्च्यांवर चढल्या. मेहुणा बूट हातात घेऊन ओरडला, "सकाळी पोपटासारखं बोलत होतात ना?"

बायको धावत आली तेव्हा तो ओल्या पायरीवर बसला होता. तिने हळू विचारलं, "अहो, आधी काय करायचं असतं?"

"मेन कॉक."

"मग?"

"माहीत होतं गं." त्याने तिच्याकडे पाहिलं. "निघालोही होतो."

नोकरी गेली. आता बायकोच बरोबर जाते, घरगुती कामांपुरती. ती सांगते, तो करतो; हात अजून तसेच सफाईदार. लोक तोंडावर हसतात. "हल्ली हेडप्लंबर वहिनी का?" तोही त्यांच्याबरोबर हसतो, ते तिला बघवत नाही.

परवा एका स्वयंपाकघरात त्याने नळ उतरवला आणि तिचा फोन वाजला. मुलीचा होता, पहिल्यांदाच दिवस गेलेत, हे सांगताना पोर रडत होती. बायको खिडकीशी गेली. बोलणं लांबलं. वळून पाहिलं तर नवा नळ मांडीवर ठेवून तो तसाच उकिडवा बसलेला, तिच्या तोंडाकडे बघत.

"आई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय गं राणी," असं म्हणून तिने फोनवर तळहात ठेवला. "आट्यांना टेप गुंडाळा आता. हां. गुंडाळत राहा."