चढावर उभी असलेली गाडी

परवा सिग्नलला माझ्यापुढे एक जुनी गाडी उभी होती. दिवा हिरवा झाला, तिनं वेग घेतला आणि मागे निळसर धुराचा पट्टा सोडून ती निघून गेली. शेजारच्या मैत्रिणीनं ओढणी नाकाला लावली. मी मात्र तो वास घेत जरा रेंगाळले. जळक्या ऑईलचा वास कडवट असतो, पण त्याच्या तळाशी कुठंतरी गोडसरपणाही असतो. कपड्यांत बसला की धुतला तरी जात नाही. आमच्या घरात तो एक अख्खा हिवाळा मुक्कामाला होता.

आमचं घर भाजे गावात, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, जिथं सपाट रस्ता संपून चढ लागतो तिथं. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी जीप तिथंच दारापुढे तोंड वर करून उभी असायची. मळवली स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्यांना लेण्यांच्या पायथ्याशी, गडाच्या वाटेला, कधी लोणावळ्यापर्यंत नेणं हे आबांचं काम. त्या हिवाळ्यात जीप धूर सोडू लागली. पाहुणे नाक मुरडून दुसरी गाडी बघू लागले. शेजारची मावशी म्हणायची, "तुझ्या आबाची गाडी गेली की आमच्याकडं डास येत न्हाईत बग. ग्रामपंचायतीनं फवारणीला लावावी." आबा हसायचे, पण ते हसू डोळ्यांपर्यंत जात नसे. रोज सकाळी ते बॉनेट उघडून ऑईल बघायची काडी बाहेर काढत. रोज ती खालच्या खुणेच्याही खाली कोरडी निघे आणि रोज ते ऑईल ओतत. गॅरेजवाल्यानं नुसता धूर बघून सांगितलं होतं की पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उघडावं लागेल. या वयाच्या गाडीचं इंजिन उघडण्यात अर्थ नव्हता. शेवटी भंगारवाल्याला बोलावलं होतं. नवलाख उंबरे गावच्या एका कारखान्यात पहारेकऱ्याच्या गणवेशाचं मापही आबा देऊन आले होते. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं फार कमी झालं होतं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. घरातली कॉलेज बघणारी पहिलीच. त्यामुळे घरच्यांना वाटे मला सगळं कळतं आणि मला वाटे मला काहीच येत नाही. तरी भंगारवाला दुपारी यायचा होता त्या सकाळी भीत भीत मी म्हटलं की गाडी जायच्या आधी एकदा बघूया. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून नेल्यावर पुन्हा वेग देताना धूर येतो की चढावर सतत येतो, त्यावरून दोष वरच्या व्हॉल्व्हच्या सीलांत, म्हणजे ऑईल अडवणाऱ्या रबरी टोप्यांत, आहे की रिंगांत, याचा अंदाज लागतो. सीलं असली तर एवढं मोठं काम नाही. आबांनी किल्ली घेतली.

स्टेशनजवळच्या सपाट मोकळ्या जागेत मी थांबायला सांगितलं. चाचणीआधीची ऑईलची पातळी मला बघून ठेवायची होती.

"सकाळीच बगितलं की," आबा वैतागले. "तेलाचा टिपूस न्हवता काडीला. वतलंय पुन्यांदा."

तरी थोडा वेळ थांबून त्यांनी काडी काढली, पुसली, परत घातली, काढली. आणि तसेच उभे राहिले. ऑईल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर चढलेलं होतं.

ऑईल आपोआप वाढलेलं दिसलं तर त्यात पाणी शिरलेलं असू शकतं, एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे मग सीलं नाहीत, रिंगाही नाहीत, सगळंच संपलं. आबांनाही ते ठाऊक होतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी काडीवरचं ऑईल बोटांत चोळून पाहिलं. पाणी मिसळलं की ते ताकासारखं पांढुरकं होतं. हे काळंच होतं. रेडिएटरमधलं पाणीही होतं तिथंच होतं. मग हे आलं कुठून?

आबा वळून घराकडे बघत होते. भाताची कापणी होऊन मोकळ्या पडलेल्या खाचरांपलीकडे आमचं दार दिसत होतं आणि दारापुढचा तो चढ.

"हितं सपाट हाय," ते हळूच म्हणाले. "तितं न्हाई."

मग मलाही कळलं. तोंड वर करून उभ्या गाडीत ऑईल मागे सरतं आणि पुढची काडी कोरडी राहते. पूर्वी आबा जीप खालच्या सपाट रस्त्याच्या कडेला लावत. त्या हिवाळ्याच्या तोंडावर घरापुढे गाडीपुरती जागा करून घेतली, तेव्हापासून तिथं, चढावर. कमी नसलेलं ऑईल आम्ही रोज भरत होतो. जास्तीचं इंजिन जाळून टाकत होतं आणि तो धूर बघून आम्ही आणखी भरत होतो.

आबांनी गाडीखाली शिरून थोडं थोडं ऑईल डब्यात सोडलं. काडी वरच्या खुणेवर आल्यावर आम्ही गडाच्या चढाला लागलो. सुरुवातीलाच मागे निळा लोट उठला. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत होते आणि आबा, आरशात बघायचं धाडस नसल्यासारखे, समोर बघून विचारत होते, "हाय का?" मी म्हणत होते, "आहे." पुढच्या वळणावर पुन्हा "हाय का?" आणि पुन्हा "आहे." साठलेलं जळायला वेळ लागतो हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि विश्वास असणं एक नसतं. वरच्या वळणांवर लोट विरळ होत गेला. मग रस्त्याच्या पांढऱ्या धुळीखेरीज मागे काही उरलं नाही.

"हाय का?"

मी अजून मागेच बघत होते. आबांनी अखेर आरशात पाहिलं. गाडी कडेला घेतली आणि भंगारवाल्याला फोन लावला. "नगं येऊस," एवढंच म्हणाले. गणवेशाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

उतरताना वेग दिला की धुराचा एक बारीक झोत अजून येत होता. म्हणजे सीलं थकली आहेत. तो दोष अजूनही तसाच आहे आणि गाडीही आहे. आता रोज सकाळी आबा ती आधी सपाटीवर नेतात, इंजिन बंद करून थोडं थांबतात, मगच काडी काढतात.

कॉलेजात अजूनही पुष्कळदा मी स्वतःलाच कमी वाटते. शेजारच्या बाकावरच्या मुलींच्या घरी आधीच पुस्तकं होती, इंग्रजी होतं, विचारायला कुणीतरी होतं. असं वाटलं की मला तो चढ आठवतो. मी कोरडी आहे, की नुसती तिरपी उभी आहे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण परवा तो निळा धूर बघून मी आबांना फोन केला. ते गाडीजवळच होते. "थांब जरा," म्हणाले, "आत्ताच बंद केलीय. तेल खाली बसू दे." आणि आम्ही दोघंही, फोन कानाला लावून, थांबलो.