त्सेवेलच्या पांढऱ्या शेळ्या

दुकानदाराने तोललेलं पीठ त्सेवेल घरी नेऊन पुन्हा तोलायची. नवऱ्यामागे एकटीने पोर वाढवताना हा स्वभाव झाला होता. म्हणून गोबीच्या कडेला धाकट्या दिराच्या, गोंबोच्या, तळावर ती आली, ती आपला कळप उचलून न्यायला रिकामा ट्रक घेऊनच.

"भावजी, या शेळ्या माझ्या नाहीत."

मुलाच्या शाळेसाठी ती हिवाळाभर गावात राहिली होती. कळप गोंबोकडे होता. बर्फावर पाऊस पडून गोठला, गवत काचेखाली गेलं, जनावरं पटापट मेली, हे तिला ठाऊक होतं. पण वाचलेल्या जवळजवळ सगळ्या आखूड पायांच्या, राठ काळ्या केसांच्या? तिने वर्षानुवर्षं जोपासलेली रेशमी लोकरीची एकही पांढरी नाही? इतकं निवडून थंडी मारते? निवडतो तो माणूस.

गोंबोने दिलेला चहा तिने नुसता हातात धरला.

"कानावरची खूण बघा की, वहिनी."

"ती मामंजींची. दोन्ही कळपांना तीच. कान काय सांगणार?"

"मग माझ्या पांढऱ्या कुठे गेल्या? गावात बसून तुम्ही पळवल्यात?"

चहा हातात घेऊनच ती टेकडीमागे गेली. तिथे मेलेल्यांची रास होती. पांढऱ्याच पांढऱ्या. पण कोणाच्या?

इतक्यात मागून कोणीतरी तिची बाही ओढली. एक बुटकी, कुरूप काळी शेळी बाहीतला सुक्या दह्याचा खडा शोधत होती. आई मेल्यावर त्सेवेलने तंबूत बाटलीवर वाढवलेलं हेच ते करडू.

"ही जिवंत? हिला पहिली कापा म्हटलं होतं ना मी!"

"राहून गेली. पांढऱ्या कुडकुडत बसल्या, ही खुरांनी बर्फ फोडत हिंडली." पाठोपाठ आलेला गोंबो खाली बघत म्हणाला, "दर शरदात आपण असल्याच हंड्यात घालायचो, वहिनी. यंदा हिवाळ्याने उलटं निवडलं."

काळीच्या मागोमाग तिच्याच पोटच्या दोन राठ केसांच्या पाटी येऊन उभ्या राहिल्या. त्सेवेलने थंडगार चहा संपवला आणि ट्रकवाल्याला रिकामा परत पाठवला.

"पण पैदाशीचा पुढचा बोकड मी निवडणार हं!"

नव्या करडांत एकच पांढरं होतं. तिचा हात सवयीने त्याच्याकडेच गेला. आता गोंबो तिच्या हाताकडे डोळे बारीक करून बघत होता.