आखूड पायांची मांडणी

चंद्राबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या अकोल्याच्या भर बाजारात, लाकडी सामानाच्या दुकानात गुडघे टेकून बसल्या होत्या. समोर आंब्याच्या लाकडाची चार फळ्यांची तयार मांडणी होती, स्वयंपाकघरात भांडी लावायला घेतात तशी, अगदी स्वस्तातली. बाई गुडघ्यांवरच पुढे सरकत, एक हात लांबवत, फळी चाचपत आणि पुन्हा मागे येत. दुकानदाराला वाटलं, यांचं काही हरवलंय.

"काय पडलं वो बाई?"

"काही नाही पडलं. उंची पाहून राहिली."

"मापाले गज देऊ का?"

"गजाले हात असते का?" चंद्राबाई म्हणाल्या.

मला हसू आलं. लग्न होऊन साताऱ्याहून वऱ्हाडात आल्याला मला तीनच महिने झाले होते आणि इथली माणसं मला सारखी भांडताहेत असंच वाटायचं. बाईंनी माझं हसणं ऐकलं. "हासू नोको. इकडं ये, खाली बस," असा मला, अनोळखी बाईला, हुकूम झाला. का कोण जाणे, मी बसले. "हात लांबव. कुठवर पुरते?" माझा हात दुसऱ्या फळीपर्यंत पुरला. "बस. त्याच्या वरचं सारं दुसऱ्याच्या मर्जीचं," त्या म्हणाल्या. मग उठून त्यांनी दुकानदाराला मांडणीचे पाय कापून मागितले. नव्या मालाचे पाय कापायचे म्हणजे तो बिचारा हबकलाच. दुकानात असला अपशकुन नको म्हणाला. शेवटी मांडणी अख्खीच हमालाच्या डोक्यावर चढली, आणि जुन्या शहरात मोर्णा नदीपलीकडे माझ्या शेजारच्याच दारात उतरली. अशी आमची ओळख झाली.

चंद्राबाई जातीच्या माळी. नवरा गेल्यावर त्या अमरावतीला लहान मुलांच्या एका शाळेत आया म्हणून लागल्या होत्या. ती शाळा माँटेसरी पद्धतीची, तेव्हा मोठ्या नवलाईची. मुलांनी आपली वस्तू आपण घ्यायची, काम झालं की आपण जागेवर ठेवायची. म्हणून कपाटं बुटकी, मुद्दाम घडवून घेतलेली, गुळगुळीत. चंद्राबाई तिथला केर काढायच्या. पण केर काढता काढता त्यांनी ती शाळा अशी काही डोळ्यांत साठवली होती की तिथल्या शिक्षिकांनाही जमलं नसेल. मग खोकला लागला, खोकल्यातून रक्त आलं, आणि मुलांच्या शाळेत क्षयाची बाई ठेवायची कशी म्हणून त्यांना गोड बोलून निरोप देण्यात आला. त्या अकोल्याला आईच्या पश्चात राहिलेल्या दोन खोल्यांत परत आल्या. त्यांच्याबरोबर सहा वर्षांची लेक होती, शेवंती. चौथ्या वर्षी देवी आल्या आणि तिचे दोन्ही डोळे घेऊन गेल्या.

मी घाबरत घाबरत त्यांच्याकडे जाऊ लागले. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, शाळेत गेले की जायची, ते यायच्या आत हातपाय धुऊन घरात. एके दिवशी मी विचारलं, एवढा आटापिटा कशासाठी? चंद्राबाईंनी आडपडदा ठेवला नाही.

"डाक्टर म्हनते संक्रांत पाहीन, होळीचं सांगता येत नाही. माहा दीर हाय चांदूर बाजारले, रामभाऊ. मानूस वाईट नाही. तो म्हनते, पोरगी भावाचीच हाय, मी नेतो. पन सकाळी सारे वावरात जाते, तिच्यापाशी बसाले कोन हाय? तिनं आपलं आपुन केलं तर ठेवीन, नाही तर आंधळ्याच्या आश्रमात. तो आश्रम कुठं हाय, तिथं कोन हाय, मले ठाऊक नाही. म्हून मले घाई हाय, मास्तरीणबाई."

त्या दिवसापासून मीही करवत धरायला शिकले. मांडणीचे चारही पाय आम्ही वीतभर कापले. सगळ्यांत वरची फळी काढून तिच्या पट्ट्या केल्या आणि बाकीच्या फळ्यांच्या पुढच्या कडेला ठोकल्या, म्हणजे वस्तू गडगडायला नको. कोपरे काचकागदाने घासले. पोर धरून उभी राहील आणि मांडणी अंगावर घेईल, म्हणून ती भिंतीला चार मोठ्या खिळ्यांनी जखडली. चंद्राबाई स्वतः लोंबकळून बघायच्या. एवढीशी बाई, तीही क्षयाने वाळलेली, पण मांडणी हलली नाही तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर गड जिंकल्याचा आनंद होता. कापलेल्या पायांचे चार ठोकळे उरले. तेही घासून त्यांनी शेवंतीला खेळायला दिले; त्यातला एक ती झोपतानासुद्धा मुठीत धरायची.

खरी करामत पुढेच होती. उरलेल्या तीन फळ्यांचे चार खाने पाडून प्रत्येकाच्या कडेला त्यांनी वेगळी खूण डिंकाने चिकटवली. एकाला चिंचोके, एकाला गोणपाटाची पट्टी, एकाला दोऱ्याची गाठ, एकाला पत्र्याचा तुकडा. चिंचोक्यांपाशी लोटी आणि पेला, गोणपाटापाशी परकर-पोलकं, गाठीपाशी फणी, पत्र्यापाशी ताट-वाटी. शेवंतीची बोटं कडेवरून फिरायची आणि नेमकी थांबायची. एकदा खुणा लागल्यावर चंद्राबाई त्या खोलीत यायच्या नाहीत. उंबऱ्याबाहेर, तोंडावर पदर घेऊन बसायच्या आणि तिथून सांगायच्या. लेकराला त्या हात लावत नव्हत्या. "माय, तू दूर काहून बसतं?" असं शेवंती रोज विचारायची आणि त्या रोज काही तरी निराळं कारण द्यायच्या. पाणी सांडलं तरी मला उठू द्यायच्या नाहीत. "बस तू. तुव्हा हात लंबा हाय, सारं तूच करशीन. लेकराचा हात पुरला पायजे," हे त्यांचं पालुपद. दसऱ्यापर्यंत शेवंती पाणी ओतून घेत होती, वेणी तेवढी सोडली तर सगळं आपलं आपण आवरत होती. आम्हाला वाटलं, जमलं.

आणि मग मी माझी अक्कल पाजळली.

दिवाळीच्या आधी चंद्राबाईंना जास्त झालं. चार दिवस त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं, शेवंती माझ्याकडे होती. मला वाटलं, बाई घरी येतील तर सणाचं घर कसं लख्ख दिसू दे. मी खोलीला चुना लावला, मांडणी राख लावून घासली. आणि घासताना फळ्यांच्या कडेला चिकटलेली ती कळकट गोणपाटं, ते बुरसलेले चिंचोके, सगळं खरवडून टाकलं. रंगीत कागदाची झालर कापून लावली. भांडी लहानमोठी बघून ओळीने मांडली. मी सातारची! आमच्याकडे मांडणी अशीच लावतात. त्या खुणा मी माझ्या डोळ्यांनी चिकटवताना बघितल्या होत्या, पण सणाची सफाई म्हटलं की आम्हा बायकांचे हात डोक्याला विचारत नाहीत.

शेवंती खोलीत गेली. बोटं कडेवर ठेवली, तर कागद फाटला. तिने पुन्हा ठेवली. लोटी पडली, ताट पडलं. ती मागे सरली, जमिनीच्या मधोमध बसली आणि दोन्ही हात तिने मांडीत घेतले. ते हात दोन दिवस तिने बाहेर काढले नाहीत. मी भरवलं तर जेवायची, नाही तर नाही.

चंद्राबाई घरी आल्या. उंबऱ्यातून त्यांनी बघितलं. "घर लय सुंदर केलं, मास्तरीणबाई," म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "चिंचोके कुठं हाय?" मी म्हटलं, उकिरड्यावर टाकले. त्या मटकन बसल्या आणि मोठमोठ्याने रडल्या. पुढे इतकं झालं, पण मी त्यांना रडताना बघितलं ते तेवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नुसती "माझं चुकलं, माझं चुकलं" करत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी नवे चिंचोके घेऊन गेले, तर चंद्राबाईंनी ते परत केले. रात्रभर विचार केलेला दिसत होता.

"हे आता नोको. तुव्हं बरंच झालं एका परीनं. चांदूरले माही जाऊ का चिंचोके लावून ठेवंन? इथं सारं जागेवर होतं म्हून पोरगी शहाणी दिसे. मी तिले खोली शिकवून राहिली होती, धुंडनं शिकवलंच नाही. आता तू असं कर, रोज एक वस्तू हलवजो. उलीशीच. हात पुरला पायजे, पन उलीसा ताणला पायजे."

वऱ्हाडीत उलीसा म्हणजे जरासा. आणि सुरू झाले ते दोन महिने. मी रोज पेला एक खाना सरकवायची, ताट खालच्या फळीवर न्यायची, आणि ते पोर रडत, ओरडत, मला शिव्या देत शोधायचं. मी उठू लागले की उंबऱ्याबाहेरून खोकत आवाज यायचा, "बस." शेवटी आम्ही त्याचा खेळ केला. तिचा आवडता ठोकळा मी कुठे तरी लपवायची, कधी मांडणीखाली, कधी घागरीआड, आणि ती रांगत, चाचपत, भिंत धरून शोधायची. सापडला की दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उंबऱ्याकडे तोंड करायची. चंद्राबाई बाहेरून टाळी वाजवायच्या. तोवर त्यांना उभं राहणं होईनासं झालं होतं. घरात त्या बसून सरकायच्या.

संक्रांतीनंतर रामभाऊ आले. धिप्पाड, अबोल माणूस. भाजीची मोठी पिशवी त्यांनी आत येताच वाटेतच टेकवली आणि भिंतीशी बसले. चंद्राबाई म्हणाल्या, "शेवंते, काका आला. पानी दे." शेवंती निघाली आणि पिशवीवर अडखळली. मी अर्धवट उठलेसुद्धा. चंद्राबाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. शेवंतीने वाकून पिशवी चाचपली, वळसा घातला. त्या दिवशीचा पेला कुठे होता ते तिला माहीत नव्हतं. पहिली फळी, दुसरी फळी, मग तिसरी. पेला मिळाला, लोटीतलं पाणी आलं, बोट आत धरून भरल्याचं तिने ओळखलं आणि आवाजाच्या रोखाने काकांच्या पुढ्यात नेऊन धरलं. थेंब सांडला नाही.

रामभाऊ पाणी प्यायले. "पोरगी तं कामाची हाय, वयनी," म्हणाले. "नेतो मी. उद्याच नेतो."

इतके महिने आम्ही याचसाठी मरत होतो. आणि ते ऐकून चंद्राबाईंचा चेहरा असा झाला की मला बघवेना. "ने," एवढंच त्या म्हणाल्या.

सकाळी निघताना शेवंतीने सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. दार लोटून घेतलं. आत मांडणी करकरली, मग शांतता. बाहेर आली आणि उंबऱ्याशी थांबून म्हणाली, "माय, म्या ठोकळा ठेवला. आता तू धुंड." मग ती पाया पडायला वाकली. तिचे हात जमिनीवरून फिरत फिरत आईच्या पावलांपाशी आले, आणि चंद्राबाईंनी पाय मागे घेतले नाहीत. कित्येक महिन्यांत त्यांनी लेकराला अंगाला हात लावू दिला तो तेव्हा.

ती गेल्यावर चंद्राबाई कित्येक महिन्यांनी त्या खोलीत शिरल्या. आता भीती कुणाची? गुडघ्यांवर, हातांवर त्या शोधत राहिल्या. एक फळी झाली की धाप लागायची, मांडणीला टेकून बसायच्या, पुन्हा पुढची फळी. घागरीआड, दाराआड, चटईखाली. "तुले दिसला तरी सांगू नोको हं, मास्तरीणबाई," अशी मला ताकीद. मला दिसलाच नाही. त्या झोपल्या की मी चोरून शोधायची, पण मीही त्यांच्याच हाताखाली शिकलेली, मीही पोराच्या हाताच्या उंचीवरच बघत होते. "सापडंन," त्या म्हणायच्या. "होळीपर्यंत टैम हाय." होळीच्या आठ दिवस आधी त्या गेल्या, मांडणीला टेकूनच.

खोली रिकामी करायला मी गेले. कोपऱ्यातलं जळमट काढायला हात वर केला, तर मांडणीच्या बऱ्याच वर, माझ्या डोक्याच्या उंचीवर दिव्याचा जुना कोनाडा होता, त्यात तो ठोकळा. जखडलेल्या मांडणीवर पाय देऊन पोर वर चढली होती. मी तो हातात घेऊन तिथेच बसले, आणि किती वेळ रडले ते मला सांगता यायचं नाही.

पुढच्या महिन्यात मास्तरांना घेऊन, बडनेऱ्याला गाडी बदलून, अमरावतीहून सर्व्हिस मोटारीने मी चांदूर बाजारला गेले. शेवंती ओसरीवर लसूण सोलत होती. आई गेल्याचं तिला सांगितलेलं होतं. मी ठोकळा तिच्या हातात दिला. तिने तो चारी बाजूंनी चाचपला.

"मायले सापडला का?"

"सापडला," मी म्हणाले.

"कुठं?"

"वरच्या कोनाड्यात."

तिच्या तोंडावर हसू फुटलं. "म्या मुद्दाम वर ठेवला. माय खालीच बसून राहे ना. म्हटलं, उलीसा हात ताणला पायजे." मग माझ्याकडे तोंड करून तिने विचारलं, "म्हंजे उभी राहिली होती ना माय?"

"हो," मी म्हणाले. "उभी राहिली होती."